जिभेला न कळलेली माती

फार मागे, आपल्या पणज्यांच्याही पणज्या जन्मायच्या आधी, एका नदीकाठी द्राक्षांचं आसव काढणारं एक कुटुंब राहत होतं. बाग सात पिढ्यांची. पण नदीने वळण बदललं आणि दर पावसाळ्यात ती बागेचा एकेक तुकडा गिळायला लागली. शेवटी घरच्यांनी उरल्या वेलींच्या तीनशे काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, गाडीत घातल्या आणि लांबच्या एका उंच माळावर आले. तिथे आजवर कुणी द्राक्ष लावलं नव्हतं. काड्या तेवढ्याच. त्या गेल्या, की त्या वेलीचं बीजच संपणार होतं.

या घरची एक रीत होती. लागवडीआधी घरातल्या वडीलधाऱ्याने चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि सांगायचं, इथे लावा किंवा लावू नका. मग कुणी कुदळ मारून बघायचं नाही. तो त्याचा अपमान.

घरातला वडीलधारा म्हणजे म्हातारा बाप. त्याने माळावरची माती जिभेवर ठेवली. जन्मभर त्याने एकाच काठाची माती चाखली होती. ही बरी की वाईट, त्याला काही म्हणजे काही कळेना. समोर बायको, दोन मुलगे, सुना, दोन महिन्यांच्या वाटचालीने थकलेले, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे. कळत नाही एवढंच म्हणायचं होतं, पण ते काही तोंडातून निघेना.

"चांगली आहे. लावा," तो म्हणाला.

त्या दिवसापासून भीतीने त्याच्या छातीत बिऱ्हाड केलं. काड्या फुटल्या, पानं आली, घरचे हसले. याला मात्र एकेका पानाचा धाक. उजाडायच्या आत तो बागेत जाऊन वेली चाचपायचा. बायको टोमणा मारायची, "तिकडे सवत ठेवलीय का हो?" त्याला हसूही यायचं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात पानं कडेने पिवळी पडली. मुलगे म्हणाले, हवा बदललीय म्हणून असेल, बाबांनी चाखलेल्या मातीत खोट नसणार. हा विश्वास म्हाताऱ्याला शिव्यांपेक्षा जास्त झोंबायचा.

एकदा मेंढरं घेऊन चाललेली एक धनगरीण बांधाशी थांबली.

"बाबा, हितं आमी मेंढ्या बसवत नाय. खूर सडत्यात. हातभर खाली नुसता कातळ हाय, पाणी जाणार कुठं?"

"मग लावताना का नाही सांगितलंस?"

"कुणी इचारलं?"

म्हाताऱ्याने तेव्हाच घरी जाऊन सांगायचं, नाही का? पण मग पहिलं खोटंही उघडं पडलं असतं. आठ दिवस तो गप्प राहिला, आणि त्या आठ दिवसांत ओळीच्या ओळी माना टाकत गेल्या.

नवव्या दिवशी धाकट्या सुनेने एक वेल उपटली. मुळं काळी पडून कुजली होती. ती सासऱ्याकडे आली.

"मामंजी, त्या दिवशी मातीची चव कशी लागली होती?"

"कळलीच नव्हती, पोरी. मला भीती वाटली."

"भीती तर आम्हा सगळ्यांनाच वाटत होती. तुम्ही बोलला असतात, तर खणून बघितलं असतं."

मग म्हाताऱ्याने धनगरणीचं बोलणंही सांगून टाकलं, आणि त्याच दिवशी सगळं घर राबलं. धनगरणीला विचारून, जिथे ती पावसात मेंढ्या बसवायची त्या उतारावर जिवंत वेली हलवल्या. तीनशेपैकी एकोणीस जगल्या. त्या एकोणिसांपासून बाग वाढवून आसवाचा पहिला रांजण भरायला अकरा वर्षं लागली. तो भरला तेव्हा म्हातारा नव्हता.

तात्पर्य: जे कळत नाही ते कळत नाही असं वेळेवर सांगणाराच घराला वाचवतो.