राळेची कोठडी आणि म्हातारी दाई

एका डोंगरउतारावर बेहड्याचे एक जुने झाड होते. त्याच्या खोडात दोन ढोल्या होत्या, एक खाली आणि एक शेंड्याजवळ, आणि दोन्हींत एकाच कुळातल्या मधमाश्या राहत असत. एके वर्षी खालच्या ढोलीतल्या एका कामकरी माशीचे डोके फिरले. फुलांवर जाणे सोडून ती नुसती अंडी घालत सुटली. लेकीही तिच्याच वळणावर गेल्या. खायचे आणि वाढायचे, दुसरे काम नाही. खालचे पोळे पोखरून झाले तशी त्यांनी वरची वाट धरली.

वरच्या ढोलीत दाई माश्या होत्या. पहारा, झाडलोट, डागडुजी सगळे त्याच करत, पण त्यांचा जीव गुंतलेला बाळांत. कोणी मिशांनी तोंडाला स्पर्श केला की दाईने तोंड उघडून घास द्यायचा, हा तिथला रिवाज. दाया मायाळू होत्या, बावळट मात्र नव्हत्या. खालून आलेल्यांचा वास ओळखीचा असला तरी चाल बिघडलेली आहे, हे त्यांनी लगेच ताडले आणि डंख मारून एकेकीला खाली पाडले. एक तेवढी फटीत शिरली. ती काही केल्या बाहेर निघेना, म्हणून दायांनी तिच्याभोवती राळेची कोठडी बांधली. राळ थोडी कमी पडली आणि एक छिद्र राहिले. तिथे पाळीपाळीने एकेक दाई पहाऱ्याला बसू लागली.

दुसऱ्याच दिवशी त्या छिद्रातून दोन मिशा बाहेर आल्या आणि पहारेकरणीच्या तोंडाला हळूच लागल्या. तिने सवयीने तोंड उघडून घास दिला. पाळी बदलली, दुसरीनेही तेच केले. कोणी कोणाला काही सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही घडले असे कोणालाच वाटले नाही. इकडे बाळांना घास पुरेना. दाया सैरभैर होऊन या कप्प्यातून त्या कप्प्यात धावू लागल्या, आणि कैदीण आत खाऊन अंडी घालत राहिल्याने कोठडी आतून फुगत चालली. पोळ्यातल्या चार दांडग्या माश्या कैदिणीला मारायला आल्या, पण राळेतून डंख जाईना. कैदेसाठी बांधलेली भिंत कैदिणीच्याच कामी आली होती.

एका म्हाताऱ्या दाईची दोन बाळे त्या सकाळी हलेनाशी झाली. काळजीने तिला एका जागी बसवेना. दुपारी तिची पहाऱ्याची पाळी आली. मिशा तोंडाला लागल्या, तोंड उघडणार इतक्यात तिला कळले की आपल्या बाळांचा घास जातो कुठे. तिने तोंड मिटले आणि छिद्रासमोर ठाण मांडले. पाळी बदलायला आलेल्यांना तिने सगळे सांगितले, पण कोणाला ते पटेना.

एक जण म्हणाली, "भुकेल्यापुढे तोंड मिटतेस? दाई ना तू?"

"भुकेली आहे हे खरेच," म्हातारी म्हणाली. "पण ती जेवली की आपली बाळे उपाशी राहतात. मला तिची आणि बाळांची, दोन्हींकडची दाई होता येणार नाही."

तीन दिवस मिशा तिच्या तोंडावर टकटक करत राहिल्या. त्या वेळी तिला काय वाटले असेल, ते मला सांगता येणार नाही. चौथ्या दिवशी टकटक थांबली. उरलेली बाळे वाचली, पोळे वाचले. पण तेव्हापासून म्हातारी प्रत्येक बाळापुढे क्षणभर थांबते, मगच तोंड उघडते. त्या थांबण्याचे तिला अजून वाईट वाटते.

मुलांनो, आपल्या मेंदूतही विचार करणाऱ्या पेशींना जपणाऱ्या, पोसणाऱ्या आधारपेशी असतात. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी तिथवर पोचल्या तर या आधारपेशी त्यांतल्या पुष्कळ मारतात. पण एखादी तग धरून त्यांना बिलगली की तिलाही त्या सांभाळू लागतात. तो घास कसा तोडावा, आणि तोडताना मेंदूचा घास कसा राखावा, हे शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत.

तात्पर्य : शत्रूला कोंडले म्हणजे काम झाले असे नाही, त्याला आपल्याच हाताने घास जात नाही ना, हे रोज पाहावे लागते.