चेंडू आणायला गेलेला

छावणीच्या मैदानाला तीन बाजूंनी तारांचं कुंपण आहे. पूर्वेला मात्र नाही. पाहुण्यांनी कारण विचारलं, की चुन्याच्या रेघा मारता मारता म्हातारे दौलतमामा कंबर सरळ करतात आणि बाळकू तांदळ्याची गोष्ट काढतात.

बाळकू पलटणीतला शिपाई. आपल्या हॉकीच्या पहिल्या बहराच्या दिवसांत तो बोटीने सातासमुद्रापार गेला आणि ऑलिम्पिकचं सोनं जिंकून आला. गावी, बोरगडाच्या पायथ्याशी, त्याची आंधळी आई होती. तिचा एकच निरोप असायचा, "तुजं सोनं येकदा माज्या हाताला लागू दे." पण पदक मोठ्या साहेबाने काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलेलं. बाळकूने रजा मागितली, तेव्हा साहेब हसून म्हणाला म्हणे, "हरशील त्या दिवशी रजा."

सात वर्षं तो हरला नाही. आज हरायचंच, असं ठरवून मैदानात उतरायचा, पण स्टिक हातात आली की हात त्याचं ऐकत नसत. गोल व्हायचा, टाळ्या पडायच्या आणि त्याची रजा हुकायची. लोक खांद्यावर घेऊन नाचवत, तेव्हा तारांपलीकडे त्याला निळा बोरगड दिसायचा, दोन दिवसांच्या वाटेवरचा. बिचारा आपल्याच हातांनी कोंडला गेला होता.

आठव्या वर्षी अंतिम सामन्याच्या सकाळी बहिणीचं पत्र आलं. आई आता थोड्याच दिवसांची सोबती होती. तरीही त्या दिवशी त्याच्या हातून दोन गोल झालेच. तिसऱ्या खेपेला समोर गोल मोकळा पडला होता. बाळकू थबकला, गर्रकन वळला आणि चेंडू असा हाणला, की तो पूर्वेच्या तारांवरून पार ओढ्याकडे गेला. मग तारा ओलांडून तोही चालू लागला.

साहेब भडकला. सुभेदार गणू शेलार टाचा जुळवून म्हणाला, "चेंडू आनायला गेलाय, सायेब. यील."

दुसऱ्या संध्याकाळी तो घरी पोचला, असं सांगतात. आईजवळ रिकाम्या हातांनी बसला आणि रडू लागला. तिने त्याचे तळवे चाचपले, स्टिकने पडलेल्या घट्ट्यांवरून बोटं फिरवली.

"ह्येच की रं सोनं," ती म्हणाली. "लागलं हाताला."

तिचं तेरावं करून बाळकू चेंडू घेऊन परतला आणि मुकाट्याने कोठडीत जाऊन बसला. पूर्वेच्या तारा सुभेदाराने दुरुस्तीला म्हणून काढल्या, त्या पुन्हा लागल्याच नाहीत.

आजही अंतिम सामन्याचा पहिला चेंडू मुद्दाम पूर्वेला मारतात. घरी जाऊन ज्याला सगळ्यांत जास्त दिवस झाले असतील, तो खेळाडू चेंडू आणायला निघतो. पंच दुसरा चेंडू ठेवून खेळ सुरू करतात. गेलेला कधी येणार, हे कुणी विचारत नाही.