चुकणारी गोफण

नदीकाठच्या एका गावात एक म्हातारी होती. ज्वारी दाण्यात आली की ती पाटलाच्या शेतातल्या माळ्यावर चढायची आणि गोफणीनं पाखरं हाकायची. दुसरं काम तिला येतं का, हे गावानं कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

तिच्या गोफणीची गावभर चेष्टा होती. इतकी वर्षं दगड भिरकावले, पण एक पाखरू कधी पडलं नाही. पाटलाचा मुलगा मात्र पक्का नेमबाज. दाखवाल ती कैरी देठातून पाडायचा. येता-जाता तो माळ्याखाली थांबे.

"म्हातारे, आज तरी एखादं लागलं का?"

"नाही लागलं."

"डोळे गेले तुझे. पुढच्या सुगीला इथं मीच बसतो."

"बस की. कणसं तेवढी मोडू नकोस."

एवढं बोलून ती गोफण फिरवायची. दगड कणसांच्या वीतभर वरून, थव्याच्या कडेकडेनं जायचा. पाखरं भर्रकन उठायची. ना पाखराला इजा, ना कणसाला धक्का. बांधापलीकडं तिच्या दगडांचा एकच ढीग साठला होता. तिकडं कुणी बघितलं नव्हतं.

एके दिवशी वर डोंगरात पाऊस कोसळला. गावात ऊन होतं आणि नदीला लोंढा आला. नेमबाजाची लहान पोर चुकलेलं करडू शोधत नदीतल्या बेटावर गेली होती. पाणी बेटावर चढलं. करडू काखेत घेऊन पोर तिथल्या एकुलत्या बाभळीला बिलगली.

सारा गाव काठावर जमला. होडी टिकणार नव्हती. बेटापर्यंत दोर गेला, तर तो धरून कुणी पोहून जाईल. पण हातानं फेकलेला दोर निम्म्यातच पडे. म्हणून सुतळीचं एक टोक दोराला, दुसरं दगडाला बांधलं आणि दगड नेमबाजाच्या गोफणीत दिला.

गोफण फिरली आणि थांबली. पुन्हा फिरली, पुन्हा थांबली.

"सोड की रे," पाटील म्हणाला.

"आबा, मी बघतो तिथंच माझा दगड बसतो. आणि पोरीवरनं माझी नजर हटत नाही." त्यानं गोफण खाली टाकली.

तेवढ्यात गर्दीतून म्हातारी पुढं आली. आपली गोफण तिनं कमरेची सोडली.

"तुझा तर कधी लागत नाही," पाटील म्हणाला.

"म्हणून तर आले. इथं लागून चालायचं नाही." मग ती मुलाकडं वळली. "पोर तुझी आहे. तू म्हणशील तरच सोडीन."

पाणी पोरीच्या कमरेला लागलं होतं. त्यानं म्हातारीच्या हाताकडं पाहिलं. तिनं सुतळीचा दगड आपल्या गोफणीत बसवला होता.

"सोड, मावशी."

दगड सुटला. पोरीच्या कानाजवळून गेला आणि मागं पाण्यात पडला. सुतळी तिच्या खांद्यावर येऊन टेकली. पोर रोज शेळ्या बांधणारी. तिनं सुतळी ओढली, मागून आलेला दोर बाभळीला गुंडाळला आणि गच्च गाठ मारली. बाप दोर धरून गेला आणि पोरीला पाठीवर घेऊन आला. करडूही आलं.

संध्याकाळी तो माळ्याखाली उभा राहिला.

"मावशी, इतकी वर्षं आम्ही हसलो. बोलली का नाहीस?"

"पाखरं उठवायचं माझं काम. ती रोज उठत होती. मी आणखी काय बोलायचं?"

तो बांधापलीकडं गेला. दगडांचा ढीग त्याच्या गुडघ्याला लागला. त्यानं ओंजळभर दगड उचलले, परत आला आणि माळ्यावर तिच्या हाताशी ठेवले.

तात्पर्य एवढंच: कुणाचा नेम चुकला म्हणून हसण्याआधी, त्यानं नेम कुठं धरला होता ते बघावं.