वृंदाची प्रश्नावली

"पण बाई, मंजिरीचीच का?"

वृंदाने हे उंबरठ्यातूनच विचारलं. चपला काढायचाही धीर नव्हता.

कुमुदबाई मेथी निवडत होत्या. स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या बायका आपल्या दुखण्याबद्दल मनात काय काय आणतात, हे ऐकण्यात त्यांची डॉक्टरकी गेली होती. स्पॅनिश बोलणाऱ्या बायकांवर पारखलेली एक प्रश्नावली मराठीत आणायचं काम त्यांनी वृंदा आणि मंजिरी या दोघी शिष्यांना दिलं, आणि काल मंजिरीची पसंत केली.

तेव्हापासून वृंदाच्या अंगाचा तिळपापड होत होता. मत्सरच तो, दुसरं गोंडस नाव कशाला द्या.

"माझ्या साठ बायकांना पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं, बाई. उत्तरं तीच आली. मंजिरीच्या निम्म्या बायकांनी दुसऱ्यांदा भलतंच सांगितलं. ती त्यांच्या ओसरीवर बसून चहा पिते, त्यांच्याबरोबर रडते... हे काय शास्त्र झालं?"

"तू कुठे विचारलंस?"

"दवाखान्यात. कोट घालून, नियमाप्रमाणे."

"काय म्हणाल्या?"

"बहुतेक सगळ्या म्हणाल्या, शून्य लिहा. तुमच्या कृपेनं बरं आहे, डॉक्टर."

हे सांगताना वृंदाची मान ताठ होती.

बाईंनी पदराला हात पुसले, तिच्या हातातला प्रश्नावलीचा कागद घेतला आणि चष्मा चढवला.

"आता तू उत्तरं दे. शून्य म्हणजे कधीच नाही, चार म्हणजे सतत. दुखण्याच्या जागी मी मंजिरी म्हणते... मंजिरी सारखी डोक्यात घोळत राहते?"

वृंदा गडबडली.

"शून्य."

"हे आता कधीच संपायचं नाही, असं वाटतं?"

"शून्य."

"घास गोड लागत नाही?"

काल दुपारपासून वृंदाने धड काही खाल्लं नव्हतं.

"शून्य, बाई."

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. तेच प्रश्न, तितक्याच शांतपणे. या वेळी वृंदाचे डोळे भरून आले. ते पुसायला बाईंसमोर हात उचलवेना. उत्तरं मात्र तिने तीच दिली.

बाईंनी शून्यं टिपली. कागद तिच्या हातात दिला आणि मेथीची जुडी पुढ्यात ओढत, पेशंटशी बोलावं तशा म्हणाल्या,

"दोन्ही वेळा शून्य. बऱ्या आहात तुम्ही. या आता."