पाठीवरचा तुकडा

साबणाचा रिकामा कागदसुद्धा वासासाठी कपड्यांच्या घडीत ठेवायचे, त्या काळातली ही गोष्ट. एके सकाळी मनोरमाकाकूंनी साबणाची नवी कोरी वडी काढली आणि जुन्या साबणाचा झिजलेला तुकडा ओला करून तिच्या पाठीवर दाबून बसवला.

"शी! हा म्हातारा माझ्या अंगावर कशाला?" वडी किंचाळली. "मी चंदनाची आहे. माझ्यावर मोर कोरलाय!"

"असेल बाई," तुकडा म्हणाला. "दोन-तीन अंघोळी टेकू दे. मग मी आपोआपच संपेन."

वडीला तेवढाही धीर नव्हता. काका अंघोळीला बसले आणि डोळे मिटूनच त्यांनी साबण उचलला, तोच तिने असा हिसडा दिला, की तुकडा त्यांच्या हातात राहिला आणि ती शेजारच्या भिजवलेल्या कपड्यांच्या बादलीत बुडाली. काकूंनी आज एवढाच साबण दिलाय असं समजून काकांनी निमूटपणे तुकड्यावर भागवलं.

संध्याकाळी काकूंनी कपडे पिळले, तर चंदनाचा घमघमाट! तळाशी वडीचा जेमतेम पापुद्रा उरला होता. काकू हळहळल्या. मग त्यांनी दुसरी वडी काढली आणि दोघांनाही तिच्या पाठीवर दाबून बसवलं.

"अगं बाई, हे दोन म्हातारे कोण?" नवी वडी ओरडली.

"म्हातारा मी एकटाच," तुकडा म्हणाला. "ही आज सकाळीच कागदातून निघाली."