तांब्यातला जीव

एकदा एका संथ नदीपासून कोसभर दूर एक वृद्ध आचार्य राहत असत. त्यांच्याकडे श्रीरंग नावाचा चाळिशीतला एक शिष्य आला. पत्नी गेल्यापासून त्याने मौन धरले होते. मौन हे मोठे व्रत खरे. पण याचे व्रत असे, की म्हातारी आई रोज आश्रमाच्या पायरीशी येऊन दोन शब्द विचारी आणि हा पाठ फिरवून आत जाई. तिने अन्न टाकले होते. साऱ्या गावाला ते ठाऊक होते, यालाच तेवढे नव्हते.

एका सकाळी स्नान करताना श्रीरंगाला नदीच्या तळाशी, गोट्याखाली एक किडा दिसला. चपटा, तपकिरी, नखाएवढा. असा किडा क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडे. त्याने तो हलकेच तांब्यात घेऊन आश्रमात आणला. त्याला त्रास नको म्हणून गाळलेल्या पाण्यात सोडला, तांब्या सावलीत ठेवला आणि स्वतः ध्यानाला बसला.

डोळे उघडले तेव्हा दुपार कलली होती. आचार्य तांब्याशी बसून एका बोटाने पाणी फिरवत होते. सावकाश, गोल गोल. पाण्यावरचा कवडसा छतावर डोलत होता आणि म्हातारबुवा अर्धवट झोपेत असल्यासारखे दिसत होते. त्यांच्या पानातले जेवण वाळून गेले होते. यांना चळ लागला की काय, असे श्रीरंगाला वाटले. त्याने पाटीवर लिहिले, पाणी तर निर्मळ आहे, मग ढवळता कशाला?

आचार्य बोट न थांबवता म्हणाले, "हा जीव श्वास घ्यायला कधी वर येत नाही, बाबा. अंगावर हवेचा पातळ पदर घेऊन तळाशीच राहतो. वाहते पाणी त्याला शिवून जाते, तेव्हा त्या पदरात नवा प्राण भरतो. नदी संथ असते, पण थांबत नाही. तू मायेनेच त्याला शांत पाणी दिलेस, आणि तो कासावीस झाला. तुझ्या आईचेही तेच झाले आहे. चार दिवस तिने अन्नाला हात लावलेला नाही."

श्रीरंग तसाच उठला. तांब्या उचलून, बोटाने पाणी फिरवत तो नदीपर्यंत चालत गेला. सोडलेला किडा गोट्यांत दिसेनासा झाला. परतताना तो आश्रमाकडे वळलाच नाही.

घरी आई ओट्यावर डोळे मिटून बसली होती. कित्येक महिने न वापरलेला आवाज धड फुटेना. तरी तो म्हणाला, "आई, भूक लागलीय गं."

म्हातारी भिंतीला धरून उठली आणि चूल पेटवायला गेली. त्या दिवशी दोघेही जेवले.

मौन जरूर पाळावे. पण आपल्या शब्दावर कोण जगते आहे, एवढे आधी पाहून घ्यावे.