मम्मी म्हणायची अट

हेमांगी पाटणकर आपल्या ब्लॉगवर तालुक्यातल्या बुजलेल्या विहिरींबद्दल लिहायची. तिचे लेख वाचून लोकांनी तीन विहिरी उपसल्या, म्हणून कराडच्या लेखक मेळाव्यात तिला बोलावणं आलं.

अध्यक्ष होते बडे संपादक दिगंबरराव राजोपाध्ये. हेमांगीबरोबर तिच्या दोन मुली आलेल्या त्यांनी पाहिल्या आणि माइक हातात घेतला.

"आता आपल्या मम्मी ब्लॉगर बोलतील! बाळांच्या संगोपनावर फार गोड लिहितात हो."

एका शब्दात तिची तीन वर्षांची पायपीट पुसली गेली. हेमांगीला राग आला, पण ती हसतच उठली.

"सर, मला मम्मी म्हणणाऱ्या दोघीच आहेत, त्या समोर बसल्यात. तुम्हालाही म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही. फक्त आमच्याकडे मम्मीला आधी अभ्यास दाखवावा लागतो. माझा एखादा लेख वाचलात का?"

सभागृह खदाखदा हसलं. दिगंबररावांनी घसा खाकरला.

"नाही वाचला."

"मग आज खेळायला सुट्टी नाही. पहिल्या रांगेत बसा आणि विहिरींबद्दल ऐका."

संपादकसाहेब मुकाट्याने खाली उतरले आणि खिशातून वही काढून बसले.